बंब, गाळणी आणि माळ्यावरचा कॉम्प्युटर

आमच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी भांड्यांकडे बघत नाही. कळश्या, पराती, डबे सगळं ओलांडून ते थेट माझ्या टेबलापाशी येतं, खुर्ची ओढतं आणि आवाज बारीक करून विचारतं, "ताई, त्यांनी आमाला काय दिल्तं?"

हा प्रश्न ऐकण्यातच माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. दुकान मंठ्याच्या बाजारपेठेत, माल भांड्यांचा आणि माझं काम कॉम्प्युटरवर. लोकांना वाटतं, ही बाई बिलं करत असेल. बिलं करतेच. पण तालुक्यात मला ओळखतात ते आहेराची बाई म्हणून.

आहेर म्हणजे काय, हे पाकिटं देऊन मोकळे होणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. लग्नात नातेवाईक भांडं देतात. भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. पुढे त्याच्या घरी लग्न निघालं की आपण भांडं द्यायचं. आलं त्यापेक्षा हलकं दिलं तर त्यांचा अपमान. फार भारी दिलं तर त्याहून मोठा अपमान, कारण मग आधीचं हलकं होतं असं आपण सुचवलं. म्हणजे काय आलं होतं हे पक्कं ठाऊक पाहिजे. आणि माणसाला ते ठाऊक नसतं. त्याला आठवतं ते स्वतःच्या सोयीचं.

आमच्याकडे ही आठवण साठली ती ठरवून नव्हे. दाराशी आमचे बबनराव नाव टाकायचं मशीन घेऊन बसतात. मशीन भुंग्यासारखं गुणगुणतं आणि बबनराव त्याच्यावर ओरडून बोलतात. त्यांना नाव चुकू नये म्हणून मी कॉम्प्युटरवर चिठ्ठी तयार करून द्यायची: देणारा कोण, घेणारा कोण, कुणाचं लग्न, कोणतं भांडं. चिठ्ठी बबनरावांकडे जायची, नोंद कॉम्प्युटरमध्ये राहायची. एकदा कुणीतरी सहज विचारलं, मी सहज सांगितलं, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी टेबलापुढे रांग लागली.

मी याद्या करणारी बाई आहे. घरात किराण्याची यादी, यादीत राहिलेल्यांची यादी, असं सगळं असतं. तर या कामालाही मी दोन नियम घातले. एक, आपल्या घरी काय आलं तेवढंच विचारायचं, शेजाऱ्याच्या घरी काय आलं ते नाही. दोन, विचारलं तेवढंच मी सांगणार. पहिल्या नियमावरून माझ्याशी भांडून गेलेली माणसं पुष्कळ आहेत. एक गृहस्थ तर म्हणाले, "शेजारी मला सख्ख्या भावासारखा हाय." मी म्हटलं, "मग त्यालाच विचारा."

गिऱ्हाइकं एकेक अशी की विचारू नका. एक गुरुजी होते. त्यांना कुठल्याशा लग्नात पितळेची परात आली. ती त्यांनी आणली, नाव घासून घेतलं, नवं नाव टाकून घेतलं आणि दुसऱ्याला दिली. त्या दुसऱ्यानंही तेच केलं. तिसरा कसा मागे राहील? बरीच वर्षं गेली आणि गुरुजींच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात ती परात फिरून गुरुजींकडेच आली. गुरुजी ती बगलेत मारून दुकानात हजर. "बबनराव, जरा नाव घासा."

बबनरावांनी परात उन्हाकडे धरली. "गुरुजी, ही परात माझ्या वळखीची हाय. आता घासायला पत्रा ऱ्हायला न्हाई. पुढच्या बारीला चाळणी व्हईल."

"चाळणी म्हणून देऊ मग," गुरुजी म्हणाले.

माझ्याकडे त्या परातीचा सगळा प्रवास होता. आमच्या भागातल्या एखाद्या भटजींनी लावली नसतील एवढी लग्नं तिनं पाहिली होती.

तर असा हा कॉम्प्युटर. वर्षं गेली तसा तो जड झाला. बिलाचं बटण दाबलं की गिऱ्हाईक समोर जाऊन उसाचा रस पिऊन यायचं, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. शेवटी जालन्याच्या अन्सारीभाईंना बोलावलं. अन्सारीभाई एमआयडीसीतल्या रोलिंग मिलांचे वजनकाट्याचे कॉम्प्युटर बघतात. त्यामुळे त्यांना सगळं टनात दिसतं.

"शोभाताई," ते म्हणाले, "गाडी में माल जादा हो गया. पुराना उतारो."

जुना माल उतरवणं म्हणजे पुसून टाकणं नव्हे. हिवाळा संपला की आपण गोधड्या फेकत नाही, गाठोडं बांधून माळ्यावर टाकतो. तसंच हे. चालू नोंदी नव्या कॉम्प्युटरवर, जुन्या नोंदी जुन्यावर, आणि जुना माळ्यावर. लागला तर शिडी लावायची. आमचे सेठजी जागेला फार जपतात. त्यांनी एकच विचारलं, "ताई, फेकायचं काही नाही ना?"

"नाही. नुसतं वर ठेवायचं."

"मग ठेवा. जागा, ताई, जागा!"

कोणती नोंद जुनी समजायची, हे आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. ज्या गिऱ्हाइकानं दहा वर्षांत आमच्याकडून काही घेतलं नाही, त्याचं सगळं वर. नियम सुटसुटीत होता. मला सुटसुटीत नियम आवडतात. नवा कॉम्प्युटर पळायला लागला, आम्ही पेढे खाल्ले, आणि सेठजींनी माळ्यावर जुन्या कॉम्प्युटरच्या पुढे लगीनसराईची इडलीपात्रं छतापर्यंत रचली. जागा होती ना.

या नियमातली गंमत आता सांगते. प्रत्येक चिठ्ठीत माणसं दोन असतात, देणारा आणि घेणारा. कॉम्प्युटर ती चिठ्ठी देणाऱ्याच्या नावाखाली ठेवायचा, कारण गिऱ्हाईक तो. आम्ही बघितलं ते देणारा परत आला की नाही एवढंच. घेणाऱ्याचा विचार तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. आता लग्नाचा पाहुणा परगावचा असतो. बसमधून भांडं कोण घेऊन येणार? तो मंठ्यात उतरतो, आमच्याकडून भांडं घेतो, नाव टाकून घेतो, जेवतो आणि गावी जातो. पुन्हा आमच्याकडे कशाला येईल? म्हणजे असे सगळे पाहुणे आपापल्या आहेरासकट माळ्यावर गेले.

खाली उरलं काय? आपल्या लोकांनी दिलेलं सगळं दिसत होतं, आणि आपल्या लोकांना आलेलं निम्मंशिम्मं गायब होतं. अख्खा तालुका दानशूर आणि तालुक्याचे झाडून सगळे पाहुणे चिक्कू!

तुम्ही म्हणाल, मग तक्रार कशी आली नाही? अहो, कशी येईल? "तुमच्या पाहुण्यांनी काही दिलेलं दिसत नाही," असं मी सांगायची आणि गिऱ्हाइकाचा चेहरा उजळायचा. "मला माहीतच होतं!" म्हणून उठायचं. कॉम्प्युटर आपल्या मनातलं बोलला की त्याला कुणी खोटा म्हणत नाही.

आणि मग चंद्रकलामावशी आल्या.

मावशी आमच्याच गल्लीतल्या. माझ्या लहानपणापासून त्यांच्या घरातली भांडी आरशासारखी. घासायला चिंच कमी पडली तर त्या शेजारून मागून आणतात. त्यांचा धाकटा भाऊ रंगनाथ वडीगोद्रीला, आणि आता त्याच्या मुलीचं, वैष्णवीचं, लग्न निघालं होतं. वैष्णवी हे नाव बारशाला मावशींनीच ठेवलेलं. आत्या म्हणून त्यांचा मान मोठा. त्यांच्याबरोबर त्यांची नणंद शेवंताबाई आली होती. ही राहते जालन्याला, पण वर्षातले निम्मे दिवस माहेरी असते आणि उरलेले निम्मे माहेरचं काय चुकतं ते सांगण्यात घालवते.

"शोभे," मावशी म्हणाल्या, "माझ्या लेकीच्या, सुनीच्या लग्नात रंगनाथानं काय दिल्तं गं? मला वाटतं, तांब्याचा बंब त्यानंच दिल्ता. पण ह्या म्हणत्यात, बंब ह्यांचा."

"आमचाच हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "जालन्याहून टेम्पोत घालून आणला. तुमच्या मंठ्यात कुठं मिळतो तसला बंब?"

"बंबावर नाव असेल की," मी म्हटलं.

मावशी ओशाळल्या. "व्हतं माय. चिंचीनं घासून घासून गेलं. आता निस्तं 'सप्रेम भेट' ऱ्हायलंय."

मी कॉम्प्युटरवर बघितलं. रंगनाथ नावाचा कुणी नाहीच. सुनीताच्या लग्नात वडीगोद्रीहून काही आल्याची खूण नाही. जे दिसलं ते सांगितलं.

मावशींचा चेहरा मात्र उजळला नाही. एवढी वर्षं मी कॉम्प्युटरपुढे बसले, "काही दिलं नाही" ऐकून डोळ्यांत पाणी आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक.

"काहीच न्हाई? माझा रंगनाथ?"

"म्हणते ना मी!" शेवंताबाईंनी पाठीवर हात ठेवला. "भाऊ असून असा. मंग तूबी दाखवून दे. गाळणी घे, चहाची. आहेरात चालती गाळणी."

मावशींनी रागाच्या भरात गाळणी घेतली. बबनराव दांडी उलटसुलट करून म्हणाले, "आवं, ह्याच्यावर काय मावतंय? 'आत्याकडून' एवढंच टाकतो. 'सप्रेम'ला जागा न्हाई."

"नगंच 'सप्रेम'," मावशी म्हणाल्या.

वडीगोद्रीला आमच्या गल्लीची क्रूझर जीप गेली, तीत मीही होते. तिकडे अजून आहेर माईकवर पुकारतात. अक्षता पडल्या, मंडप भरलेला, आणि माईकवर एक भरदार आवाजाचे गृहस्थ एकेक नाव घेत होते. "मामांकडून पितळी घागर! काकांकडून कपाट!" प्रत्येक नावाला माना कौतुकानं डोलत होत्या. मग आवाज आला, "आता मंठ्याच्या आत्याबाई, चंद्रकलाबाई, यांच्याकडून..." आणि थांबला. माईकमधून पुडकं उघडल्याचा चुरचुराट ऐकू आला.

"...गाळणी."

डोलणाऱ्या माना थांबल्या.

"पिठाची चाळणी आसंल, नीट बघा," मागून कुणीतरी म्हणालं.

"न्हाई," माईक म्हणाला, "चहाचीच हाय. एक नग."

रंगनाथ फेटा सांभाळत आले आणि त्यांनी माईकच हातात घेतला. "आक्का! म्या तुला बंब दिल्ता! तांब्याचा! आन् तू मला गाळणी?"

मावशी जागेवरूनच ओरडल्या. त्यांना माईकची गरज नव्हती. "कवा दिल्ता? कंपुटर म्हणतो, तू काहीच दिलं न्हाई!"

"कोण कंपुटर?"

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. अख्खा मंडप माझ्याकडे वळला. नवरीनंही मुंडावळ्या बाजूला करून बघितलं. मी हातातल्या अक्षता उगाच पुन्हा एकदा टाकल्या.

"मंग त्यो बंब काय कंपुटरनं दिला का?" रंगनाथ म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि माईकमुळे ते सगळ्या गावाला कळलं. "मी मंठ्यात उतरून घेतला. डोक्यावर घेऊन तुझ्या दारात आल्तो, आक्का."

मावशी उठल्या आणि सरळ गाडीत जाऊन बसल्या. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी, सगळं मागे राहिलं. लग्नघरातून सख्खी बहीण न जेवता उठली, याच्यापुढे भांडणाची पायरी नसते. आमच्याकडे असे अबोले माणसं मरेपर्यंत चालतात, नंतर मुलं चालवतात. परतीच्या रस्त्यात शेवंताबाई म्हणाल्या, "बुंदी तेवढी खाऊन निघायचं व्हतं."

मला मात्र 'मंठ्यात उतरून घेतला' हे शब्द सोडेनात. मंठ्यात तांब्याचा बंब मिळायचं दुकान तेव्हा एकच, आमचं. मग नोंद गेली कुठे? गाडी आमच्या गल्लीत वळेपर्यंत माझ्या डोक्यात माळा उजळला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी शिडी मागितली. सेठजींनी वर रचलेल्या इडलीपात्रांकडे बघितलं. "ताई, सीझन चालू आहे. हे सगळं ठेवायचं कुठे?"

"रस्त्यावर ठेवा. माझी मावशी लग्नातून उपाशी आलीय."

इडलीपात्रं रस्त्यावर आली. येणारे-जाणारे सेल लागला समजून थांबले आणि त्यातली बरीचशी विकली गेली, त्यामुळे सेठजींचा विरोध मावळला. जुना कॉम्प्युटर खाली आला. मागून आधी एक पाल निघाली, मग तिचं कुटुंब. अन्सारीभाई एमआयडीसीतून मोटारसायकलवर आले, फुंकर मारली, वायर जोडली. मशीन उखळात मिरच्या कुटल्यासारखा आवाज करत सुरू झालं.

"जिंदा है," अन्सारीभाई म्हणाले.

मावशींना निरोप दिला होता. त्या आल्या, मागोमाग शेवंताबाई. मी सुनीताच्या लग्नाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि वाचलं, "देणार रंगनाथ, राहणार वडीगोद्री. वस्तू, तांब्याचा बंब, मोठा. मजकूर, 'चि. सौ. कां. सुनीता हिस मामाकडून सप्रेम भेट.'"

मावशी म्हणाल्या, "परत वाच."

मी परत वाचलं.

"मोठ्यानं वाच. ह्यांनाबी ऐकू दे."

मी मोठ्यानं वाचलं. बबनरावांनी मशीन बंद केलं. शेवंताबाई छताचा पंखा बघत होत्या. आणि तेव्हा मला पडद्यावर त्याच्या खालची ओळ दिसली. देणार शेवंताबाई, राहणार जालना. घेणार तीच, लग्न तेच. वस्तू, चहाची गाळणी.

पडदा माझ्याकडे तोंड करून होता. विचारलं तेवढंच सांगायचं, हा नियम माझा. मी शेवंताबाईंकडे बघितलं आणि शांतपणे म्हटलं, "आणखी काही बघायचं का? इथे त्या लग्नाचं सगळंच आहे."

"न्हाई न्हाई!" शेवंताबाई खुर्चीतून उठल्याच. "बंद करा ती मशीन! किती लाईट जळती! आन् कंपुटर म्हणतो तर आसंलच त्याचा बंब. मी काय टेम्पोत बसून आल्ते का बंबासंगं?"

त्या गेल्यावर बबनराव हळूच म्हणाले, "ताई, त्या गाळणीवर नाव मीच टाकल्तं."

"गप बसा," मी म्हटलं. "तुम्हाला कुणी विचारलं का?"

मावशींनी त्याच पावली तांब्याचं घंगाळ घेतलं, बंबाच्या जोडीचं. त्यावर 'सप्रेम' दोनदा टाकून घेतलं, एक गाळणीवरचं राहिलेलं. आणि मला घेऊन वडीगोद्री गाठली. रंगनाथ ओट्यावर पाठ करून बसले होते. पाठ वळेना. मावशींनी घंगाळ त्यांच्यापुढे ठेवलं. तरी वळेना. मग मावशी म्हणाल्या, "रंग्या, भूक लागलीय रे."

पाठ वळली. आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात बुंदीचा डबा होता. "तुझ्या वाटणीची म्या कुणाला खाऊ दिली न्हाई," ते म्हणाले. "कडक झाली आसंल. खा आता तशीच."

मग चहा आला. रंगनाथांनी तो आमच्यासमोर, मुद्दाम उंचावरून, त्याच गाळणीतून गाळला. "आता काय म्हणतो तुमचा कंपुटर?" त्यांनी मला विचारलं.

माझ्याआधी मावशीच म्हणाल्या, "त्याचं डोकं माळ्यावर गेल्तं. खाली आणलं."

त्यानंतर लग्नं नसलेल्या महिन्यांत अन्सारीभाई आणि मी बसून काम निस्तरलं. जुना कॉम्प्युटर पुन्हा माळ्यावर गेला, पण जाण्याआधी त्यातल्या प्रत्येक घेणाऱ्याच्या नावावर आम्ही नव्यात एकेक ओळ उतरवली: कुणी दिलं, काय दिलं, कुणाच्या लग्नात. मजकूर, वजन, घडण हवी असेल तर शिडी. माळ्यावर काय टाकलं, हे खाली लिहिलेलं पाहिजे. नाहीतर माळा आणि उकिरडा यांत फरक तो काय? सेठजींनी इडलीपात्रांना दुसरी जागा दिली. मी जुन्या याद्या काढून, फुकट फुगून गेलेल्या गिऱ्हाइकांना एकेक करून बोलावलं आणि सांगितलं की तुमच्या पाहुण्यांनी दिलं होतं. फार थोडे खूश झाले. एकानं तर विचारलं, "आधीचंच ऱ्हाऊ दिलं तर न्हाई का चालणार?"

आता भांडी देणारे कमी झालेत. पाकीट देतात, नाहीतर नॉनस्टिक तवा देतात, ज्यावर बबनरावांचं मशीन चालत नाही. त्यांचा भुंगा दिवसचे दिवस गप्प असतो. पाकिटावरचं नाव लग्नानंतर कचऱ्यात जातं. कुणी चिंचेनं घासून ते पुसत नाही, की कुणी ते उन्हाकडे धरून ओळखत नाही. वाईट वाटतं.

पण मध्यंतरी एक दिवस रंगनाथ दुकानात आले. मंठ्यात उतरले होते, मावशींच्या नातवाचं लग्न होतं. सगळी भांडी ओलांडून माझ्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढली आणि आवाज बारीक करून विचारलं, "ताई, आक्कानं आमाला काय दिल्तं?"

त्यांना पाठ होतं. तरी मी रीतसर बघितलं. "एक घंगाळ, एक गाळणी."

"घंगाळाचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी गाळणीची परतफेड. चांगली जाड दांडीची दाखवा, नाव मावलं पाहिजे. आन् माईकवर पुकारायला सांगा, जरा थांबून."

बबनरावांनी मशीन सुरू केलं. मी चिठ्ठी तयार केली, नोंद ठेवली आणि तिच्यापुढे माझ्यासाठी एक सूचना लिहिली. ती अजून तिथेच आहे: ही ओळ माळ्यावर न्यायची नाही.